ओल असलेला फ्लॅट घ्यावा की सोडावा? मुंबईत पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

"मुंबईत सगळ्याच घरांत थोडी ओल येते हो." फ्लॅट बघायला गेलात की एजंटच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळणारच. वाक्य खोटं नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वारा समुद्रावरून येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरत नाही. अशा शहरात कोपऱ्यात चार काळे ठिपके दिसले म्हणून घर नाकारत बसलात तर आयुष्यभर भाडंच भराल. पण याच वाक्याच्या आडोशाने स्लॅबची सळई गंजलेले, छताचं प्लास्टर सुटलेले फ्लॅटही रंग मारून विकले जातात.

डाग किती मोठे आहेत हे मोजण्यात वेळ घालवू नका. पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि ते थांबवणं कुणाच्या हातात आहे ते बघा. स्वतःच्या बाथरूममधून पाणी मुरत असेल तर पैसे आणि महिनाभराची धूळ एवढाच प्रश्न आहे. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून येत असेल तर तुम्ही घराबरोबर एक शेजारी विकत घेताय. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल तर अख्खी सोसायटी. निर्णय यावरच करायचा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढं एकच शोधून काढण्यासाठी आहेत.

आधी बुरशीबद्दल थोडं

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या आत्ताच्या घरातही आहेत. त्यांना वाढायला पाणी लागतं आणि खायला काहीतरी सेंद्रिय: रंग, वॉलपेपरचा डिंक, प्लाय, कापड, साधी धूळसुद्धा. म्हणून कोरड्या सिमेंटच्या भिंतीवर ती येत नाही आणि ओल्या भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या पाठीवर पंधरा दिवसांत येते. पाणी बंद झालं की वाढ थांबते. पाणी चालूच असेल तर 'अँटी-फंगल' म्हणून विकला जाणारा महागातला रंगही एखाद-दोन पावसाळ्यांत हात टेकतो.

तब्येतीचं म्हणाल तर, ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला, श्वास लागणं, नाकाची अॅलर्जी यांचं प्रमाण वाढतं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या घरांतल्या हवेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. घरात दमेकरी, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रत्यारोपण झालेलं कुणी असेल, तर पुढचं गणित मांडायचीही गरज नाही: दुरुस्ती पूर्ण होऊन भिंती सुकल्याशिवाय त्या घरात राहायला जायचं नाही, मग भाव कितीही पाडून मिळो.

'काळी बुरशी' म्हणजे विषारी आणि हिरवी म्हणजे साधी, असं रंगावरून ठरत नाही. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर हवेचे नमुने घेऊन तिची जात शोधण्यावर पैसे घालवू नका. जात कळली तरी करायचं तेच असतं. तो पैसा ओल मोजण्यावर आणि चांगल्या प्लंबरवर खर्च करा.

घर बघायला केव्हा जायचं

सलग तीन-चार दिवस पाऊस झोडपून गेला की लगेच. जुलैअखेर ते ऑगस्ट हा सर्वात प्रामाणिक काळ, तेव्हा घर काही लपवू शकत नाही. गैरसोय एकच, की तेव्हा तुम्हीही चिखल तुडवत चार घरं बघून कंटाळलेले असता.

पण बरेचसे फ्लॅट दसरा-दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत दाखवले जातात, रंगाचा वास अजून ताजा असताना. त्यात फसवणूकच असेल असं नाही, दिवाळीला रंग सगळेच काढतात. तरी जानेवारीत घर आवडलं आणि घाई नसेल, तर जूनअखेरपर्यंत थांबायला मी सांगेन. थांबणं शक्य नसेल तर पुढची पायरी दुप्पट बारकाईने करा आणि मालकाला सरळ विचारा, "मागच्या पावसाळ्यातले घराचे फोटो आहेत का?" मोबाईलमध्ये गणपतीचे फोटो असतातच. मखराच्या मागची भिंत बघून घ्या.

घरात शिरल्यावर

पहिल्या भेटीत एजंट बोलत राहील, मालकीणबाई चहा देतील आणि तुम्ही खिडकीतून दिसणारा नजारा बघाल. म्हणून दुसऱ्या भेटीला सकाळच्या उजेडात, टॉर्च घेऊन, घरातल्या एखाद्या चिकित्सक माणसासोबत जा. जमलं तर तुम्ही येईपर्यंत खिडक्या बंद ठेवायला सांगा. दार उघडल्यावर पहिल्या मिनिटात जो वास येतो तोच खरा, पाच मिनिटांनी नाकाला सवय होते. उदबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर यांचा घमघमाट असेल तर थोडा वेळ सज्ज्यात उभे राहून परत आत या.

मग कपाटं उघडायची. लाज वाटते, पण परवानगी मागून उघडायचीच. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं वॉर्डरोब, किचनच्या सिंकखालचा कप्पा, बाथरूमच्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला असलेलं काहीही. प्लायची पाठ फुगली आहे का, हाताला कुबट चिकट लागतंय का, बिजागऱ्या गंजल्या आहेत का, ते बघा. भिंतीपेक्षा फर्निचर जास्त खरं बोलतं, कारण भिंतीला रंग देतात, कपाटाच्या पाठीला कुणी देत नाही.

भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत जा. पोकळ आवाज आला तर आतलं प्लास्टर सुटलंय. रंगाला फुगे, पोपडे, हाताला लागणारी पांढरी पूड दिसली तर तो लोणा: पाणी भिंतीतून बाहेर येताना विरघळलेले क्षार सोबत आणतं आणि सुकताना पृष्ठभागावर सोडून जातं. म्हणजे आत्ता भिंत कोरडी लागली तरी पाण्याची वाट तिथून आहे.

काही गोष्टी दिसल्या की मनात घंटा वाजलीच पाहिजे. चारपैकी एकाच भिंतीला नवा रंग. हॉलच्या भिंतीला कमरेपर्यंत टाइल्स किंवा पीव्हीसीचं पॅनेलिंग. एकाच बेडरूमला वॉलपेपर. बाथरूमच्या शेजारच्या पॅसेजमध्येच, दुसरीकडे कुठे नाही, असं पीओपीचं खोटं छत. यातलं प्रत्येक हौसेपोटीही केलेलं असू शकतं, म्हणून आरोप न करता विचारा, "याच्या मागे काय आहे? एक पॅनेल उघडून बघता येईल का?" नकार मिळाला तर तेच उत्तर समजा.

ओल मोजायचं पिनवालं मीटर ऑनलाइन सहज मिळतं. त्याचा आकडा काँक्रीटवर काटेकोर नसतो, कारण बरीचशी स्वस्त मीटरं लाकडासाठी बनवलेली असतात आणि क्षारांमुळेही आकडा फुगतो. वापरायचं ते तुलनेसाठी: आधी घरातल्या आतल्या, नक्की कोरड्या भिंतीवर टेकवा, मग संशयित भिंतीवर खालपासून वरपर्यंत. आकडा कुठे वाढत जातो ते बघितलं की पाणी कोणत्या दिशेने येतंय ते कळतं.

डाग वाचायला शिका

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवखी माणसं नेमकी इथेच 'लीकेज आहे' एवढं म्हणून थांबतात.

छतावर पिवळट-तपकिरी कड असलेला गोल डाग म्हणजे वरून पाणी. आता विचारायचं, हा डाग मे महिन्यातही ओला असतो का? बारमाही ओला असेल तर वरच्या फ्लॅटचं बाथरूम, मोरी किंवा पाइप. फक्त पावसात ओला होत असेल आणि तुम्ही शेवटच्या मजल्यावर असाल तर गच्ची. बारमाही ओल असेल तर जाणता प्लंबर आणखी एक गोष्ट करून बघतो: वरच्या घराच्या पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह काही तास बंद. ठिबकणं कमी झालं तर दाबाखालचा पाइप फुटलाय. व्हॉल्व्ह बंद-चालूने फरक पडत नाही पण अंघोळी झाल्या की ठिबकणं वाढतं, असं असेल तर न्हाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा) सांधा किंवा टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पहिलं काम तुलनेने लहान. दुसऱ्यात वरच्याचं बाथरूम फोडावं लागतं, आणि बाथरूम खोलगट स्लॅबवर असेल तर आतला सगळा भराव काढावा लागतो.

पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल येणं हे मुंबईचं नेहमीचं दुखणं, कारण नैर्ऋत्येचा वारा पाऊस त्या भिंतींवर आडवा मारतो. त्यातही खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत डाग असतील तर बहुतेक चौकटीचा सांधा किंवा आत उतार असलेला खिडकीखालचा कट्टा, म्हणजे किरकोळ काम. बाल्कनी किंवा फ्लॉवर बेड आत घेऊन खोली वाढवलेली असेल तर जुन्या-नव्या बांधकामाच्या जोडावरची सरळ रेघ बघा. तिथून पाणी येणं इतकं सर्रास आहे की ती रेघ कोरडी दिसली तरच आश्चर्य. अशी वाढीव जागा मंजूर नकाशात आहे का हा प्रश्नही त्याच दमात विचारून घ्या.

तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच सगळीकडे ओल आणि लोणा असेल तर पाणी जमिनीतून भिंतीत चढतंय. हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या पट्ट्यांत तळमजल्याचं घर बघत असाल तर मागे पाणी कितपत चढलं होतं हे समोरच्या दुकानदाराला विचारा. तो हाताने भिंतीवर रेघ दाखवेल. जमिनीतून चढणारी ओल पूर्ण थांबवणं फार कठीण असतं, दर काही वर्षांनी खर्च धरूनच चालावं.

कपाटामागे, एसी असलेल्या बेडरूमच्या वरच्या कोपऱ्यांत, गादीखाली बारीक काळे-हिरवे ठिपके असतील पण प्लास्टर घट्ट असेल, तर पाणी बाहेरून येतच नाहीये. दमट हवा गार भिंतीला लागून तिचं पाणी होतंय. हे ओळखायला सोपी चाचणी आहे. फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला असेल तर खोलीतल्या हवेतून. हवेतली ओल असेल तर आनंद माना. एग्झॉस्ट पंखा, एसी थोडा कमी गार, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, एवढ्यावर भागतं.

अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना सगळे 'मायवान' म्हणतात त्या नव्या टॉवरांमध्ये हे जास्त दिसतं. भिंती काँक्रीटच्या आणि पातळ, त्यामुळे लवकर गार-गरम होतात, आणि ताबा द्यायच्या घाईत काँक्रीट पुरतं सुकायच्या आत पुट्टी-रंग झालेला असतो.

आता ज्याला खरंच भ्यायचं तो डाग: बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीला समांतर गेलेली भेग, तिच्याकडेने गंजाचा तांबूस ओघळ, किंवा छताचा पापुद्रा पडून उघडी दिसणारी सळई. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होतं आणि तो वरचं काँक्रीट आतून फोडतो. समुद्राजवळच्या इमारतींत हवेतले क्षार ही गती वाढवतात. इथे बुरशीचा विषय संपला आणि इमारतीच्या ताकदीचा सुरू झाला. रंगारी, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला यांपैकी कुणाचंही मत इथे चालत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो. गिरगाव-परळकडच्या जुन्या लाकडी तुळयांच्या घरांत सळईऐवजी मोरीशेजारच्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघायचं. ते कुजतं, आणि वाळवीही तिथेच येते.

मग खाली उतरा

इमारतीला बाहेरून एक चक्कर मारा आणि समोरच्या फुटपाथवरून वर बघा. ड्रेनेजच्या पाइपलगत हिरवी-काळी पट्टी, भेगांतून उगवलेली पिंपळाची रोपं, ठिकठिकाणी वेगळ्या रंगाच्या सिमेंटचे ठिगळ, गच्चीवर ताडपत्री. पिंपळाचं रोप हातभर उंच असेल तर त्या सोसायटीने निदान दोन-तीन वर्षं तिकडे मान वर करून बघितलेलं नाही. गच्चीवर जाऊन पाणी साचल्याच्या खुणा बघा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती कधी आणि का घातली ते विचारा.

वॉचमनशी बोला. मग वरच्या फ्लॅटची बेल वाजवा, "आम्ही खालचं घर बघतोय, शेजारी होणार आहोत" असं म्हणून. त्या घरातली माणसं "हो, आमच्या बाथरूमचं काम मे महिन्यात काढतोय" म्हणतात की "खालच्यांना सवयच आहे तक्रार करायची" म्हणतात, यावरून तुमच्या पुढच्या दहा वर्षांचा अंदाज येतो. तसंच खालच्या घरातही जा. तुमच्या होऊ घातलेल्या बाथरूममधून त्यांच्याकडे गळत असेल तर ती जबाबदारी घराबरोबर तुमच्याकडे येणार आहे, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

खर्च कुणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार) गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून आणि सामाईक पाइपांतून होणारी गळती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. गच्ची गळून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घराचं छत खराब झालं तर तेही सोसायटीकडे. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती संबंधित सभासदांनी आपल्या खर्चाने निस्तरायची. कागदावर हे स्वच्छ आहे.

प्रत्यक्षात सोसायटीकडे पैसे नसतात, किंवा "पुढच्या वर्षी मोठं काम काढायचंच आहे" म्हणून छोटं काम टाळलं जातं. वरचा सभासद ऐकत नसेल तर आधी सोसायटीची नोटीस, मग सहकार खात्याचे उपनिबंधक, मग सहकार न्यायालय किंवा दिवाणी दावा, आणि तोवर तुमचं छत गळतंच आहे. म्हणून कायदा तुमच्या बाजूने आहे यापेक्षा सेक्रेटरी कामाचा माणूस आहे का, याला मी जास्त गुण देतो.

ते तपासायला कागद मागा. तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे सोसायटी तुम्हाला दप्तर दाखवायला बांधील नाही. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे विक्रेत्याला, सभासद म्हणून, सभांची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षित ताळेबंद बघण्याचा हक्क आहे. त्याच्यामार्फत गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं मिळवा. 'लीकेज' हा शब्द किती वेळा येतो आणि प्रत्येक वेळी पुढे काय झालं ते वाचा. ताळेबंदात दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे बघा. उपविधींप्रमाणे या निधीत फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का जमा व्हायला हवा. निधी रिकामा आणि मोठ्या दुरुस्तीची चर्चा चालू, याचा अर्थ तुम्ही राहायला गेल्या गेल्या लाखभराची वर्गणी दारात उभी.

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या इमारतीच्या ताकदीच्या तपासणीचा, अहवाल मागाच. उपविधींत इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरची असेल तर तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायला सांगितलंय. शिवाय ३० वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली ते बंधनकारक आहे. अहवालात 'सी-१' असेल तर इमारत रिकामी करून पाडायची आहे, विषय संपला. 'सी-२' म्हणजे मोठी संरचनात्मक दुरुस्ती, 'सी-३' म्हणजे किरकोळ. शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त ('सेस' भरणाऱ्या) इमारतींत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा संबंध येतो. तिथे मालकी, पागडी, दुरुस्ती यांचा गुंता वेगळा आहे, वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

नवी इमारत असेल तर रेराचं (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं) कलम १४ लक्षात ठेवा: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. रेराच्या व्याख्येत पुनर्विक्रीत घर घेणाराही येतो. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी ताबा दिलेला फ्लॅट घेत असाल तर मूळ ताबापत्राची तारीख बघून उरलेली मुदत मोजा, आणि विक्रेत्याने बिल्डरला ओलीबद्दल लेखी कळवलंय का ते विचारा. नसेल तर व्यवहाराआधी त्याच्याकडून ईमेल पाठवून घ्या.

पुनर्विकासाचं आमिष

"ओल काय बघता, दोन वर्षांत इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे!" टिळकनगर, कन्नमवारनगर, विलेपार्ले, बोरिवली, जुनी इमारत कुठलीही असो, हे ऐकवतातच. मग तुम्ही घर घेत नाही, नव्या घराचा हक्क घेताय, आणि ओलीचा हिशोब खरंच बदलतो. पण 'जाणार आहे' म्हणजे नक्की कुठवर आलंय? बिल्डर सर्वसाधारण सभेत निवडला गेलाय का? २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे निदान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, ती लेखी आहे का? सोसायटी आणि बिल्डर यांच्यातला विकास करारनामा नोंदणीकृत आहे का? करारनामा झाला नसेल तर 'दोन वर्षं' हा आकडा विसरा आणि गळक्या घरात दहा पावसाळे काढायची तयारी आहे का ते स्वतःला विचारा. वाईट बाजू अशी की, रिडेव्हलपमेंटच्या आशेवर असलेली सोसायटी दुरुस्तीला एक रुपया काढत नाही.

भाव आणि करार

पाण्याचं मूळ सापडलं, ते थांबवता येण्यासारखं आहे असं ठरलं, की दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात फोडकाम, वॉटरप्रूफिंग, नवं प्लास्टर, रंग, खराब फर्निचर टाकून देणं हे सगळं यावं. त्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं मिळवा, कारण कामाच्या वेळी तुम्ही तिथे राहू शकत नाही. आणि जे भिंत उघडल्यावरच दिसतं त्यासाठी वर चांगली भर घाला. एवढी रक्कम भावातून कमी झाली तर तुम्ही जिथल्या तिथे आहात, फायदा अजून झालेला नाही. तुमच्या मनस्तापाचे पैसे त्याच्या वर मागा.

एक गोष्ट लोक विसरतात. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (त्या भागासाठी सरकारने ठरवलेल्या) किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागतं. रेडी रेकनरला तुमची ओल माहीत नाही. मुंबईत सध्या मेट्रो अधिभार धरून ६ टक्के पडतात, घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, आणि नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे समजा किंमत १ कोटी १० लाख असेल तर ६ लाख ६० हजार मुद्रांक शुल्क, ते परत मिळत नाही असंच धरून चाला. कर्ज मिळालं म्हणजे घर ठीक आहे, असंही समजू नका. बँकेचा मूल्यांकनकार मुख्यतः किंमत आणि मंजुऱ्या बघतो, तुमच्या कपाटाची पाठ नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने दिसू न शकणारा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून टोकन देण्याआधी व्हॉट्सअॅपवर साधा प्रश्न लिहून पाठवा: "गेल्या पाच वर्षांत घरात कुठे गळती झाली होती का, काय दुरुस्ती केली?" फोनवर विचारून उपयोग नाही, उत्तर लेखी हवं. करारात ज्ञात गळत्यांची यादी, ताब्याआधी कोणतं काम कोण करणार, आणि शक्य असेल तर पहिला पावसाळा संपेपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याचं कलम घाला. शेवटच्या अटीला विक्रेते सहसा तयार होत नाहीत, पण मागून बघायला काय जातं? कधी कधी ती सोडण्याच्या बदल्यात भाव आणखी उतरतो.

घ्या, थांबा, सोडा

मी तरी असं ठरवेन. हवेतली ओल, खिडकीचे सांधे, स्वतःच्या बाथरूमची गळती: भाव पाडून घ्यावं, यात लोक उगाच घाबरतात आणि चांगली घरं हातची जातात. वरच्याच्या बाथरूमची गळती: त्याच्या बाथरूमचं काम पूर्ण झाल्यावरच करार, आश्वासनावर नाही. गच्ची किंवा बाहेरची भिंत: सोसायटीने कंत्राट दिलेलं असेल, पैसे जमलेले असतील तर घ्यावं, नुसता ठराव झाला असेल तर थांबावं. जमिनीतून चढणारी ओल: दुकानासाठी चालेल, राहायला नको. गंजलेली सळई आणि ऑडिट दाखवायला टाळाटाळ: त्याच दिवशी सोडावं.

घेतलंच तर कामाचा क्रम

रंगारी म्हणेल, "आधी पुट्टी मारून घेऊ." ऐकू नका. आधी पाणी बंद करायचं. बाथरूमचं काम झाल्यावर टाइल्स लावण्यापूर्वी जमिनीवर दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या घरातलं छत बघायचं. मग फुगलेलं प्लास्टर पोकळ आवाज थांबेपर्यंत खरवडून काढायचं, नवं करायचं आणि भिंत सुकू द्यायची. यात आठवडे जातात. मीटरचा आकडा आतल्या कोरड्या भिंतीच्या जवळ आला की मग प्राइमर आणि रंग. बाहेरच्या भिंतीचं आणि गच्चीचं काम नोव्हेंबर ते मे याच काळात. मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलेलं वॉटरप्रूफिंग जूनच्या पहिल्या सरीत वाहून गेलेलं मुंबईत दरवर्षी बघायला मिळतं.

हात-दोन हात जागेतली बुरशी घरच्या घरी पुसता येते: एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, खिडक्या उघड्या. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. ब्लीच वापरायचंच असेल तर ते संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बुरशी लागलेली गादी, प्लाय, जिप्समचं छत धुऊन वाचवायच्या फंदात पडू नका, फेकून द्या.

फर्निचर मात्र लगेच करू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीला लागून भिंतभर वॉर्डरोब. सुताराला दसऱ्यानंतरची तारीख द्या. तोवर लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे सरकवून ठेवा आणि जुलैमध्ये त्यामागे आठवड्यातून एकदा टॉर्च मारत जा.